रत्तल, घनफूट आणि ज्वारीची पायली

सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी नावाचे जे गाव आहे, त्याच्या शिवारात प्रथम गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि मागाहून रे नगर ही तीस हजार घरांची योजना हाती घेण्यात येऊन तिच्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या स्वाधीन करण्यात आली. एवढ्या विस्ताराचे बांधकाम जेथे चालते तेथे वजन, घनफळ आणि त्यांच्या भागाकारातून सिद्ध होणारी घनता यांचा हिशेब नित्याचाच. परंतु १९५६च्या कायद्याने दशमान वजनमापे देशात येऊन इतका काळ लोटला तरी हा हिशेब अद्याप दोन पद्धतींत विभागलेला आहे. सिमेंट किलोने येते, सळई टनाने येते. वाळू आणि खडी मात्र ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने येते, आणि महसूल खात्याचे स्वामित्वधनही ब्रासवरच आकारले जाते. आमच्याकडे जुन्या इंग्रजी मापांचा असा एखाददुसरा अवशेष उरला आहे, तर अमेरिकेत बाजारापासून अभियंत्याच्या दप्तरापर्यंत त्यांचाच अंमल आहे. तेथील अभियंता काँक्रीटची घनता दर घनफुटास १५० रत्तल, म्हणजे पौंड, सांगतो, आमच्या पुस्तकांत ती दर घनमीटरास २,४०० किलो असते, आणि बोलणे एकाच वस्तूविषयी चाललेले असते.

या दोन आकड्यांची रुजवात घालावयाची तर अंश आणि छेद यांचे रूपांतर वेगवेगळे करावे, हे उत्तम. अंशात वजन आहे, आणि तेथे अडचण काहीच नाही: १९५९ साली इंग्रजी भाषिक सहा देशांनी ठरविल्याप्रमाणे एक रत्तल बरोबर ०.४५३५९२३७ किलोचा आहे. (अमेरिकेचा रत्तल तर १८९३ पासूनच किलोग्रॅमवरून ठरविला जातो, ज्या पद्धतीला त्या देशाने व्यवहारात थारा दिला नाही, तिच्याच आधारावर त्याची आपली पद्धती उभी असावी, यात मौज आहे.) घात होतो तो छेदात. फूट हा ०.३०४८ मीटरचा, म्हणून मीटरात ३.२८ फूट, हे पाठ असलेला मनुष्य घाईत तोच आकडा घनफळालाही लावतो. वस्तुतः लांबी, रुंदी आणि उंची या तिहींसाठी तो तीनदा गुणावयास हवा, म्हणजे एका घनमीटरात ३५.३१ घनफूट भरतात. ही चूक केल्यास दीडशे रत्तलांचे काँक्रीट दर घनमीटरास २२३ किलो ठरते. पाण्याची घनता १,००० किलो असल्यामुळे असले काँक्रीट विहिरीत टाकले तर तरंगेल, आणि एवढे ध्यानात आले म्हणजे गणिताची चूक आपोआप उघडी पडते. योग्य गुणक १६.०१८५ हा आहे. केवळ १६ने गुणले तरी हजारी एकाहून किंचित अधिक एवढीच तफावत पडते, जी बांधकामाच्या जागेवर कोणी विचारात घेणार नाही. उलट दिशेने पाहिले तर पाणी दर घनफुटास ६२.४ रत्तल भरते. कोणत्याही पदार्थाची पाण्याशी तुलना केलेली घनता ठाऊक असली की तिला ६२.४ने गुणावे, अमेरिकन आकडा हाती येतो.

सिमेंटच्या पोत्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. अमेरिकेत ९४ रत्तलांचे पोते म्हणजे एक घनफूट असा सोयीचा शिरस्ता पडला असून त्यावरून घनता दर घनमीटरास सुमारे १,५०६ किलो निघते, तर आमच्याकडे १,४४० किलो धरून ५० किलोचे पोते सुमारे सव्वा घनफुटाचे मानतात. दोहोंतील अंतर गुणकाचे नाही. भुकटी किती दाबून बसली आहे याविषयीच्या गृहीताचे ते आहे, आणि त्याला कोष्टकाचा कोणताही इलाज चालत नाही. वाळूची गोष्टही तीच. कोरडी वाळू दर घनफुटास शंभर रत्तल, म्हणजे १,६०० किलो, धरली तर ब्रास सुमारे साडेचार टनांचा होतो. पण किंचित ओलावा असलेली बारीक वाळू फुगून अधिक जागा व्यापते, आणि ब्रासने घेणाऱ्याच्या पदरी तेवढी वाळू कमी पडते.

द्रवांच्या बाबतीत सापळा निराळा आहे. ब्रिटनने १८२४ साली नवा गॅलन ठरविला, ज्यात पाणी १० रत्तल मावते. अमेरिकेने मात्र २३१ घनइंचांचा जुना मद्याचा गॅलन तसाच ठेवला, ज्यात ते ८.३३ रत्तलच मावते. आमचे जुने तांत्रिक ग्रंथ ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे रत्तल-गॅलनचा आकडा दिसला की प्रथम तो कोणत्या देशाचा हे पाहावे.

परंतु घनतेचे खरे मर्म आमच्या मुलखाला उमगले ते खळ्यावर. दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली ही सारी घनफळाची मापे. तेव्हा पायलीभर ज्वारीचे वजन किती, हा प्रश्न घनतेचाच होय. माप शिगेचे की सपाट, ते भरताना हलविले की नाही, यावरून वजन बदलते, हे पहिल्या पायलीला ‘लाभ’ म्हणून रास मोजणाऱ्या कुणब्याला शिकवावे लागत नव्हते. टपोऱ्या दाण्याची मालदांडी ज्वारी आणि पोचट दाण्याची ज्वारी यांची पायली सारखी दिसली तरी तराजूत सारखी उतरत नाही, हेही तो जाणून होता. १९७२च्या दुष्काळात रेशनवर जी तांबडी मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ली, ती अमेरिकेतील ज्वारीच. आणि तिची प्रत ठरविताना तेथे बुशेल या मापात किती रत्तल भरतात हेही पाहतात. व्यवहारात ज्वारीचा बुशेल ५६ रत्तलांचा धरतात. पहिल्या प्रतीसाठी किमान ५७, दुसरीसाठी ५५ अशी अट आहे. अमेरिकन बुशेल ३५.२४ लिटरांचा असल्याने दर बुशेलाच्या रत्तलांवरून दर हेक्टोलिटराच्या, म्हणजे शंभर लिटरांच्या, किलोंवर येण्याचा गुणक १.२८७ येतो, आणि ५७ रत्तल म्हणजे दर हेक्टोलिटरास ७३.४ किलो. ब्रिटिश बुशेल ३६.३७ लिटरांचा, तो चुकून धरला तर तीच ज्वारी ७१.१ किलोंवर येऊन उगीच हलकी ठरते. भरण्यातील मनमानी टाळण्यासाठी तेथील परीक्षक ठराविक उंचीवरच्या नरसाळ्यातून दाणे लहान भांड्यात सोडतो आणि लाकडी पट्टी नागमोडी चालीने तीनदा फिरवून शीग उतरवितो. मगच वजन घेतो.