फटफटी आणि सरळव्याज



आमच्या तरुणपणी दुचाकी वाहन घेणे म्हणजे नंबर लावून बसणे असे. १९७२ साली 'चेतक' स्कूटर बाजारात आली. परंतु आज अनामत भरावी आणि गाडी कित्येक वर्षांनी दारात यावी, मुलाच्या मुंजीत लावलेला नंबर त्याला मिसरूड फुटल्यावर लागावा, असा तो काळ होता. गिऱ्हाइकाने दुकानदाराची मनधरणी करावयाची. आता पारडे अगदी उलट झाले आहे. दसरा-पाडवा जवळ आला, की दुकानदारच आपली वाट अडवून उभा राहतो. 'शून्य व्याज', 'फक्त इतके भरा आणि गाडी न्या', 'जुनी द्या, नवी घ्या', अशा पाट्या चौकाचौकांत झळकू लागतात. या पाट्यांच्या मागील हिशोब काय असतो, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि तीस वर्षे मुलांना अंकगणित शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहे. आणि तरीही या हिशोबात मी स्वतः फसलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

२०२२ सालच्या दसऱ्याला माझ्या भाच्याने फटफटी घेतली. (त्याला हा शब्द आवडत नाही, तो 'बाइक' म्हणतो.) रस्त्यावर येईतो किंमत १,१०,००० रुपये. त्यांपैकी ३०,००० त्याने रोख भरले व ८०,००० कर्जाऊ घेतले. जामीन म्हणून माझी सही हवी होती. तो म्हणाला, "मामा, दहाच टक्के व्याज आहे. तुम्हीच गणित करून बघा ना." मी तेथेच, दुकानदाराच्या मेजावर, गणित केले. ऐंशी हजारांवर दसादशे दहाने तीन वर्षांचे व्याज २४,०००, एकूण १,०४,०००, छत्तीस महिन्यांनी भागता हप्ता २,८८९ रुपये. त्यांच्या कागदावरही हाच आकडा होता. उत्तर जुळले म्हणून मी समाधानाने सही केली.

उत्तर बरोबर होते, पण रीत चुकीच्या जागी लावलेली होती. आपण शाळेत जे सरळव्याज शिकवितो, त्यात कर्ज घेणारा मुद्दल शेवटपर्यंत स्वतःपाशी ठेवतो व मुदत संपल्यावर एकरकमी परत करतो. हप्त्याच्या कर्जात तसे नसते. तेथे पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जाऊ लागते. व्याज मात्र मूळच्या ऐंशी हजारांवरच आकारलेले असते. या पद्धतीला बाजारात 'फ्लॅट' दर म्हणतात. छत्तिसावा हप्ता पाहा. त्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक हप्त्यात २,२२२ रुपये मुद्दलाचे व ६६७ रुपये व्याजाचे. म्हणजे शेवटच्या महिन्यात आपणाकडे येणे असलेले मुद्दल अवघे २,२२२ रुपये, आणि त्यावर एका महिन्याचे व्याज ६६७! उरलेल्या मुद्दलावर व्याज मोजावयाचे म्हटले, तर या कर्जाचा खरा दर वर्षाला जवळजवळ १८ टक्के पडतो. दहा म्हणून सांगितलेले अठरा निघतात, आणि तरीही कोणी खोटे बोललेले नसते.

हे मला केव्हा उमगले? भाचा ज्या लहानशा कारखान्यात होता तेथील काम सातव्या महिन्यात थांबले आणि दोन हप्ते चुकले तेव्हा. बँकेतून हप्ता परत गेल्याचा दंड पडला आणि वसुलीचा माणूस भाच्याकडे न जाता थेट माझ्या दारी आला. तो उद्धट नव्हता. पण शेजारीपाजारी पाहत होते. १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ते दोन हप्ते माझ्या पेन्शनीतून गेले. त्या रात्री मी ते कागद प्रथमच शेवटपर्यंत वाचले.

'शून्य व्याजा'ची गोष्ट याहून गमतीची आहे. समजा, ६०,००० रुपये बारा महिन्यांत ५,०००च्या हप्त्यांनी फेडावयाचे. व्याज काही नाही. पण रोखीने घेणाऱ्यास जी ३,०००ची सूट आहे ती आपणांस नाही, आणि 'फाइल चार्ज' म्हणून १,५०० रुपये आरंभीच द्यावयाचे. म्हणजे वास्तविक आपणांस ५५,५०० रुपयेच मिळाले व आपण ६०,००० फेडणार. हिशोब केला, तर हे शून्य वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या घरात जाते. पहिला हप्ता गाडी घेतानाच कापून घेतला, तर आणखी वर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. ते व्याज कोणीतरी भरतच असतो. कधी गाडीचा कारखाना, कधी दुकानदार, बहुधा निरनिराळ्या नावांखाली आपण.

मग दुकानदार लबाड असतो काय? मला तसे म्हणावयाचे नाही. त्याची अडचण समजून घेतली, तर आपणांस घासाघीस करणे सोपे जाते. दुकानात रांगेने उभ्या असलेल्या गाड्या पुष्कळदा त्यानेही कर्जाऊ पैशावर आणलेल्या असतात. त्यांच्यावर दिवसागणिक व्याज चढते. कारखान्याने ठरवून दिलेला विक्रीचा आकडा गाठला, तर त्यास इनाम असते. म्हणून महिनाअखेरीस त्याचा हात सैल होतो, आणि डिसेंबरात अधिकच. कारण जानेवारी उजाडताच उभी गाडी 'गेल्या सालची' ठरते. गाडीच्या चौकटीवरील क्रमांकात निर्मितीचा काळ सांकेतिक अक्षरांत असतो. तो विचारून घ्यावा. या अडचणीचे मोठे उदाहरण २०१७ सालचे. १ एप्रिलपासून 'बी. एस. ३' प्रतीची वाहने विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला सांगितले. देशभर अशी सव्वाआठ लाखांच्या आसपास वाहने पडून होती, आणि त्यांत बहुतेक दुचाकीच. पुढील दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट देऊन त्यांपैकी पुष्कळ विकली गेली, दुकानांसमोर रांगा लागल्या. सूट ही औदार्यातून येत नसते, ती अडलेल्या मालातून येते. तसेच २२ सप्टेंबर २०२५ रोजी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जी. एस. टी. २८चा १८ टक्के झाला. ती सरकारची करकपात आहे, दुकानाची भेट नव्हे. पाटीवरील सवलतीतून ती वजा करून पाहावी.

आपणांशी गोड बोलणारा विक्रेता तरुणही पगारापेक्षा इनामावर जगत असतो. पुष्कळ ठिकाणी कर्जाचे प्रकरण, विम्याचा कागद, वरचे साहित्य, या प्रत्येकावर दुकानास काही सुटते. त्यामुळे रोख पैसे घेऊन गेलेल्या माणसालाही कर्जाचा आग्रह होतो. विमा तेथूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ-विमा सक्तीचा आहे. पण तो कोणाकडून घ्यावा, हा आपला अधिकार आहे.

माझ्या वेळी नव्हती अशी एक सोय आता झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते ऋणकोला समजेल अशा भाषेत हवे. म्हणजे आपण मराठीत मागू शकतो. त्यात फाइलचा खर्च, विमा वगैरे सर्व धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. माझ्या भाच्याच्या कागदावर तो असता, तर दहाच्या जागी अठरा, किंबहुना त्याहून थोडा अधिक आकडा मला मेजावरच दिसला असता. पत्रकात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. आणि वर्ष-दोन वर्षांच्या अशा कर्जाला त्या अटींवर विचार करण्यास निदान तीन कामाचे दिवस मिळावयास हवेत. 'साहेब, ही ऑफर आजच संपते,' असे कोणी म्हणाले, तर पत्रक घेऊन सरळ घरी यावे.

भाच्याला पुढे दुसरे काम मिळाले. त्याचा छत्तिसावा हप्ता २०२५च्या ऑक्टोबरात फिटला, आणि आता सारे संपले असे तो समजला. पण नोंदणीपुस्तकावर सावकाराचा बोजा चढलेला असतो. तो आपोआप उतरत नाही. सावकाराकडून ना-हरकत दाखला व सही केलेला नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो. तसे न केल्यास गाडी विकताना खोळंबा होतो. मी त्यास दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा बरोबरच गेलो. नवे नोंदणीपत्र हाती आले. त्यावर आता केवळ त्याचेच नाव आहे.