यंत्राला अंगठा नसतो

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाला नगरच्या एका केटररची ऑर्डर आली. लग्नासाठी साठ किलो डाळिंबाचे सोललेले दाणे, तेही सकाळी आठच्या आत पोचवायचे! आम्ही बाराजणी आदल्या दुपारपासून बसलो होतो. रात्री दोन वाजता काम संपलं, तेव्हा एकीचाही अंगठा धड राहिला नव्हता. नखांच्या कडा काळ्या, बोटांना चिरा, आणि पाठ तर विचारूच नका. घरी गेल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही अजून नखानं डाळिंब सोलताय?"

बोलणं मनाला लागलं. पुढच्याच मीटिंगला मी यंत्राचा विषय काढला. आज जे सांगणार आहे, त्यात चूक झाली ती आधी माझीच, हे कबूल करून टाकते.

राहुरीत राहून डाळिंबाशी नातं नसलेलं घर सापडणं कठीण. १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या दारात. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडलेला 'गणेश' हा वाण आणि 'गुल-ए-शाह रेड' हा परदेशी लाल वाण यांच्या संकरातून विद्यापीठानं 'मृदुला', 'आरक्ता' आणि 'भगवा' हे वाण दिले. त्यातल्या भगव्यानं तर बाजारच काबीज केला. त्याची साल जाड, चकचकीत, म्हणून तो लांबच्या प्रवासात टिकतो. शेतकऱ्याला जी साल वरदान, तीच सोलणाऱ्या बाईच्या अंगठ्याला शाप!

आमच्या गटाकडे येतो तो मात्र पेटीतला देखणा माल नव्हे. उन्हानं डाग पडलेली, आकारानं लहान राहिलेली, किंचित तडकलेली फळं आम्ही स्वस्तात घेतो. आतले दाणे तितकेच गोड असतात. दाणे डब्यात भरून जातात, उरलेल्याचं सरबत होतं. गटातल्या तिघी-चौघींचं घर हंगामात याच पैशावर चालतं. त्यांना दाण्यांच्या किलोमागे मजुरी मिळते. हे लक्षात ठेवा, पुढं याचाच प्रश्न आला.

एका विक्रेत्यानं आम्हाला मोबाइलवर यंत्राचा व्हिडिओ दाखवला. एका बाजूनं डाळिंब टाकायचं, आत पातं सालीला चिरा पाडतं, फळ उकलतं, मग फिरत्या पिंपात रबराच्या बोटांसारखे दांडे त्याला झोडपतात आणि खाली चाळणीतून दाणे पडतात. डोळ्यांचं पारणं फिटलं! बँकेचं कर्ज काढलं, गटाच्या ठेवीतले पैसे घातले. नारळ फोडून यंत्र सुरू केलं.

पहिला क्रेट घातला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. मोठी फळं अर्धवट चिरून तशीच बाहेर आली. लहान फळांमध्ये पातं थेट दाण्यांत घुसलं आणि लाल रसाचा चिखल झाला. दाण्यांत सालीचे पिवळे तुकडे. त्या रसाचं सरबत करून पाहिलं, तर जिभेला कडू-तुरट लागलं. डाळिंबाच्या सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात टॅनिन असतं, साल चेंगरली की ते रसात उतरतं. लोखंडी विळीवर डाळिंब कापलं की विळी आणि बोटं काळी पडतात, ती याच टॅनिनमुळे.

मग आम्ही तराजू काढला. दहा किलो डाळिंबं हातानं सोलली, त्याच ढिगातली दहा किलो यंत्रात घातली. हाताचे स्वच्छ दाणे सव्वापाच किलो भरले. यंत्राचे चांगले दाणे जेमतेम चार किलो. वेळ वाचला खरा, पण माल गेला. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, "ताई, तुमची फळंच एकसारखी नाहीत."

राग आला, पण त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. व्हिडिओतली सगळी डाळिंबं एका मापाची होती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. सोलण्याच्या यंत्रांची जगभर एकच डोकेदुखी आहे, निसर्ग एका मापाची साल देत नाही. आपल्या वेफर्सवाल्यांकडे बटाटे सोलायचं यंत्र असतं ना? आतून खरखरीत पिंप, त्यात बटाटे गरगर फिरतात आणि घासून साल निघते. गोल बटाट्याला ते छान. पण खड्डा असलेल्या बटाट्याच्या डोळ्यातली साल तशीच राहते, आणि ती काढायला यंत्र जास्त वेळ फिरवलं तर वरचा चांगला बटाटाच झिजून जातो. मोठ्या कारखान्यांत बटाट्यांना जोराच्या दाबाची वाफ देतात आणि दाब एकदम सोडतात. सालीखालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि साल सुटते. पीचसारख्या फळांची साल कॉस्टिक सोड्याच्या गरम, पातळ द्रावणात विरघळवतात आणि फळ भरपूर पाण्यानं धुतात. यात पात्याची गरज नाही, म्हणून खाचखळग्यांचा त्रास कमी. पण सोड्याचं सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच, आणि हे काम घरगुती शेडमध्ये करायचं नव्हे.

सगळ्यात आवडली ती अननसाची गोष्ट. हवाई बेटांवर जेम्स डोल यांच्या कारखान्यासाठी हेन्री गिनाका या माणसानं १९११ च्या सुमारास अननस सोलायचं यंत्र बनवलं. अननसाची साल म्हणजे खवल्यांची आणि डोळ्यांची, सगळीकडे वेगळी. गिनाकानं सालीच्या मागे लागणंच सोडलं. त्याचं यंत्र अननसातून सरळ नळकांडं कापून काढायचं, शेंडा-बुडखा उडवायचं, मधला दांडा काढायचं आणि सालीला चिकटून राहिलेला गर वेगळा खरवडून रसासाठी घ्यायचं. पण मला थांबवलं ते पुढच्या माहितीनं. यंत्रातून आलेले अननस पट्ट्यावरून पुढं जायचे, तिथं हातमोजे घातलेल्या बाया सुऱ्या घेऊन उभ्या असायच्या आणि राहिलेले डोळे काढायच्या. एवढं नावाजलेलं यंत्र, पण शेवटचा हात बाईचाच!

डाळिंब तर अननसाहून अवघड. अननसात गर एकसंध असतो, डाळिंबात रसानं भरलेले शेकडो नाजूक फुगे. देठाकडे आणि मुकुटाकडे साल वेगळी, कुशीला वेगळी. पाण्याची ओढाताण झालेलं फळ आणखी वेगळं. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेनं डाळिंबाचे दाणे काढण्यासाठी हातानं वापरायचं अवजारही तयार केलं आहे आणि यंत्रही. यंत्राच्या जोडीला हातअवजाराचीही गरज वाटावी, यातच सगळं आलं.

आता आमच्या मावशींकडे येते. गटातल्या त्या सगळ्यांत वयस्कर. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण डाळिंब हातात घेऊन अंगठ्यानं दोन ठिकाणी दाबलं की सांगतात, "ही जाड सालीची, ही पातळ." यंत्र आल्या दिवसापासून त्या गप्प होत्या. किलोमागे मजुरी त्यांची, आणि किलो आता यंत्र काढणार! मला हे सुचायला हवं होतं, पण मी व्हिडिओ बघण्यात दंग होते.

आठवडाभर यंत्र झाकून पडलं. हप्त्याची तारीख जवळ आली. एका दुपारी मावशी उठल्या, तीन रिकामे क्रेट मांडले आणि फळं निवडायला बसल्या. मोठी एकीकडे, मधली एकीकडे, लहान एकीकडे. दबली की लगेच खचणारी, पातळ सालीची आणि तडकलेली चौथ्या टोपलीत. म्हणाल्या, "भाकरी जाड थापली तर जाळ कमी करतोच ना गं? मग याच्या पात्याला काय धाड भरलीय?"

पात्याखाली बोल्ट होता आणि त्यात वायसर. गटातल्या एकीच्या मुलानं आयटीआय केलं आहे, त्याला बोलावलं. वायसर कमी-जास्त करून पात्याची खोली बदलता येते, हे त्यानं दाखवलं. प्रत्येक क्रेटसाठी आम्ही वेगळी खोली ठरवली आणि पत्र्यावर ऑइलपेंटनं खुणा केल्या. चौथ्या टोपलीतली फळं यंत्रात घालायचीच नाहीत, ती हातानंच सोलायची. आणि यंत्रातून आलेले दाणे पाण्याच्या टबात सोडायचे. दाणे तळाशी बसतात, पापुद्रे आणि सालीचे बारीक तुकडे वर तरंगतात. ही युक्ती तुमच्यापैकी कितीतरी जणी घरी पातेल्यात करत असतील. मोठ्या यंत्रांमध्येही पाण्याचीच मदत घेतात!

पुन्हा दहा किलोचं वजन केलं. या वेळी चांगले दाणे पाच किलोला थोडेच कमी भरले. हाताइतके नाहीत, पण वेळ पाहता परवडणारे.

खरी लढाई मात्र त्यानंतरच्या मीटिंगमध्ये झाली. एकीनं सरळ विचारलं, "निवडायचं काम तर बसून करायचं. त्याला कसली मजुरी?" क्षणभर मीही गडबडले. आपण घरात तांदूळ निवडतो, भाजी निवडतो, त्याला कुणी कधी काम म्हटलंय? मग मावशीच बोलल्या. "उद्या मी येत नाही. करा तुमच्या मशीनवर." शेडमध्ये शांतता पसरली. कारण निवड चुकली की यंत्र काय करतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी असं ठरलं, की किलोची मजुरी बंद. निवडणारी, यंत्र चालवणारी, पाण्यातून काढणारी आणि हातानं सोलणारी, सगळ्यांना दिवसाची सारखीच मजुरी. दोघी नाराज झाल्या. त्यांचा हात जलद, किलोवर त्यांना जास्त मिळायचं. त्यातली एक गट सोडून गेली, ती अजून परतलेली नाही. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत. पण मावशी रोज येतात, आणि आता दोन तरुण सुनांना अंगठ्यानं साल ओळखायला शिकवताहेत.

मैत्रिणींनो, तुमचा गट असं एखादं यंत्र घ्यायच्या विचारात असेल, तर आमच्या ठेचेवरून शहाण्या व्हा. व्हिडिओवर भुलू नका. तुमच्याच भागातली, तुम्ही घेता तसलीच, लहान-मोठी, डागी फळं क्रेटभर बरोबर न्या आणि तुमच्यासमोर चालवायला सांगा. आत घातलं किती आणि स्वच्छ दाणे निघाले किती, याचं वजन करा. पात्याची खोली कशी बदलते, ते स्वतःच्या हातानं करून बघा. फळाला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा हवा, साध्या लोखंडाचा नको. अर्थिंग तपासून घ्या, कारण या कामात हात सतत ओले असतात. फिरत्या पट्ट्यावर झाकण हवंच. पदर खोचा, बांगड्या उतरवून ठेवा, एप्रन घाला. आणि सोललेले दाणे थंड ठेवायची सोय आधी करा, कारण साल गेली की फळाचं कवच गेलं.

पैशाचंही नीट विचारून घ्या. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. तुम्ही अर्ज कराल तेव्हाचे नियम तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि ते यंत्र ठरवण्याआधी विचारा. आम्ही घाईत नंतर विचारलं!

आणि एक प्रश्न मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी मांडा. यंत्र आल्यावर कुणाची मजुरी जाईल, आणि कुणाचं न दिसणारं काम वाढेल? त्याचं उत्तर वहीत लिहून, सह्या करून मगच नारळ फोडा.

परवा आमचे हे शेडवर आले होते. यंत्राची घरघर ऐकून खूश झाले. म्हणाले, "बघ, आता नखांचं काम संपलं." मी काही बोलले नाही. फक्त कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं मावशी बसल्या होत्या, पुढ्यात चार क्रेट, हातात डाळिंब आणि डाळिंबावर अंगठा.