कॅम्ब्रियनपूर्व प्राणिसृष्टी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विज्ञानविषयक व्याख्यानांनंतरच्या चर्चेत, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहारात आणि क्वचित विद्वानांच्या लेखांतही एक विधान इतक्या वेळा कानी येते, की त्याचा सविस्तर परामर्श घेणे आता अपरिहार्य झाले आहे. ते विधान असे : ‘कॅम्ब्रियन काळात सर्व प्राणी एकाएकी अवतरले, त्याआधीच्या खडकांत प्राण्यांचा मागमूसही नाही, सबब उत्क्रांतीचा सिद्धान्त निराधार आहे.’ असे बोलणारी माणसे बहुधा सुशिक्षित असतात, आणि म्हणूनच त्याचा उद्वेग अधिक वाटतो. कारण ज्या पुराव्याच्या अभावावर हा सारा युक्तिवाद उभा आहे, तो पुरावा दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतरांगेत, वालुकाश्माच्या पाटांवर, १९४६ सालीच सापडलेला आहे.

ही शंका एके काळी रास्त होती, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. १८५९ साली उत्क्रांतीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना खुद्द डार्विननेच, तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत प्राचीन जीवाश्मयुक्त थरांखाली प्राण्यांचे पूर्वज का सापडत नाहीत याचे समाधानकारक उत्तर आपल्यापाशी नाही, आणि आपल्या मताविरुद्ध हा एक सबळ आक्षेप आहे, अशी प्रांजळ कबुली दिली होती. परंतु डार्विनची ती अडचण आजही जशीच्या तशी शिल्लक आहे असे सांगत राहणे, म्हणजे दाव्याचा निकाल लागून अनेक वर्षे लोटल्यावरही मूळ फिर्यादच पुनःपुन्हा वाचून दाखवण्यासारखे आहे.

१९४६ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारच्या नोकरीत असलेला रेग स्प्रिग हा तरुण भूवैज्ञानिक, ओसाड पडलेल्या जुन्या खाणींची पाहणी करण्याच्या कामगिरीवर फ्लिंडर्समधील इडियाकारा टेकड्यांत गेला असता, तेथील वालुकाश्मावर त्यास चकतीसारखे व पानासारखे विलक्षण ठसे आढळले. ते जेलीफिशसारख्या मऊ देहाच्या प्राण्यांचे असावेत असा तर्क करून त्याने १९४७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र खडकांचे वय त्याने प्रश्नचिन्हासह प्रारंभिक कॅम्ब्रियन असेच नोंदवले, आणि विद्वज्जनांनी या शोधाची फारशी दखल घेतली नाही. पुढे अॅडलेड विद्यापीठातील मार्टिन ग्लेसनर यांनी या ठशांचा चिकाटीने अभ्यास केला. त्याच सुमारास, १९५७ साली, इंग्लंडमधील चार्नवुड येथे शाळकरी मुलांच्या दृष्टीस एक पर्णाकृती जीवाश्म पडला, त्याचे ‘चार्निया’ या नावाने १९५८ साली वर्णन झाले, आणि तेथील खडक कॅम्ब्रियनपूर्व असल्याविषयी कोणाचाही वाद नसल्यामुळे इडियाकाराच्या ठशांचेही प्राचीनत्व प्रस्थापित होण्यास मोठेच साहाय्य झाले.

मृदू देहाचे ठसे टिकले कसे, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्या काळच्या उथळ समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचे चिवट आच्छादन पसरलेले असे. वादळाने वाहून आणलेली वाळू त्यावर एकाएकी पसरली की खालचे जीव जागच्या जागी गाडले जात. आणि देह कुजत असतानाच जिवाणूंच्या क्रियेने लोह व गंधक यांची संयुगे तयार होऊन वरच्या वाळूस काठिण्य येई, अशी उपपत्ती जिम गेलिंग या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९९९ साली मांडली. म्हणूनच हे ठसे प्रायः थराच्या खालच्या पृष्ठावर आढळतात. फ्लिंडर्समधीलच निल्पेना येथे संशोधकांनी असे थर उचलून, उलटवून आणि तुकड्याशी तुकडा जुळवून प्राचीन समुद्रतळाची सलग क्षेत्रेच्या क्षेत्रे अभ्यासासाठी खुली केली आहेत.

‘ठसे असतील, पण ते प्राण्यांचेच कशावरून?’ ही पुढची हरकत होय, आणि ती मात्र विचारार्ह आहे. कारण हे जीव शेवाळवर्गीय, दगडफुलासारखे अथवा आज निर्वंश झालेल्या एखाद्या स्वतंत्र कुळातील असावेत, अशी मते थोर संशोधकांनीही मांडली होती. तथापि आता साक्ष तीन बाजूंनी आली आहे. पहिली साक्ष रसायनशास्त्राची : डिकिन्सोनिया या चपट्या, लंबगोल, काही मिलिमीटरांपासून मीटरभराहूनही मोठ्या जीवाच्या, रशियातील श्वेत समुद्राकाठी सापडलेल्या सुमारे ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांत ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या इल्या बोब्रोव्स्की, योखेन ब्रॉक्स प्रभृतींना कोलेस्टेरॉलपासून झालेले रेणू विपुल प्रमाणात आढळले, हे संशोधन २०१८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्राण्यांच्या देहाचे लक्षण असलेल्या या रेणूंमुळे दगडफुलाचा पक्ष दुर्बळ ठरला. दुसरी साक्ष वर्तनाची : प्रथम जेलीफिश समजल्या गेलेल्या किंबरेला या जीवाची रचना मृदुकाय संघातील प्राण्यांशी जुळते, असे १९९७ साली फेडोन्किन व वॅगनर यांनी दाखवले, आणि त्याच्या जवळ समुद्रतळ खरवडल्याच्या खुणाही सापडल्या आहेत. तिसरी साक्ष निल्पेनाची : तेथील बारीक बिळे कोणी केली हे दीर्घकाळ गूढ होते, २०२० साली स्कॉट इव्हान्स, मेरी ड्रोसर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या बिळांजवळच्या ठशांचे लेसर किरणांनी त्रिमितीय मापन करून, तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ते सात मिलिमीटर लांबीचा, पुढचे व मागचे टोक भिन्न असलेला ‘इकारिया’ हा जीव उजेडात आणला. ज्या द्विपार्श्व-सममित कुळात आपण स्वतः मोडतो, त्याचा हा अतिप्राचीन प्रतिनिधी होय.

आता ‘एकाएकी’ या शब्दाचा हिशेब पाहू. न्यूफाउंडलंड येथील पर्णाकृती जीव सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीचे, फ्लिंडर्समधील ठसे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचे, कॅम्ब्रियनचा प्रारंभ सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. आणि ज्यांचे नाव या वादात हटकून घेतले जाते ते ट्रायलोबाइट खडकांत प्रथम दिसतात सुमारे ५२ कोटी १० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे खुद्द कॅम्ब्रियन सुरू होऊनही पावणेदोन कोटींहून अधिक वर्षे लोटल्यानंतर! कॅम्ब्रियनमध्ये प्राण्यांचे वैविध्य झपाट्याने वाढले, कवचे व कठीण अवयव आले, आणि त्यामुळे जीवाश्मांची संख्याही वाढली, हे निर्विवाद आहे; पण जलद वृद्धी निराळी आणि शून्यातून अवतार निराळा.

उरलेल्या लहानसहान गैरसमजांचा थोडक्यात निकाल लावता येईल.

‘इडियाकारातील सर्व जीव आपले पूर्वज होत.’ — नव्हेत. त्यांतील अनेकांचे आजच्या प्राण्यांशी नाते अनिश्चित आहे, आणि कित्येकांचे वंश निखालस लोपले.

‘हे जीव केवळ ऑस्ट्रेलियात सापडतात.’ — रशिया, न्यूफाउंडलंड, नामिबिया, इंग्लंड आणि चीन येथेही ते सापडले आहेत.

‘इडियाकारन हे कॅम्ब्रियनच्या लगतपूर्वीच्या कालखंडाला केवळ काही संशोधकांनी दिलेले अनौपचारिक नाव आहे.’ — आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने २००४ साली हा कालखंड अधिकृत ठरवला. त्याचा आरंभ ६३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा असून, सीमादर्शक खूण फ्लिंडर्समधील इनोरामा ओढ्याकाठी आहे.

‘भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया सापडला.’ — २०२१ साली तसे प्रसिद्ध झाले खरे, पण ती आकृती आग्या मोहोळाचा ठसा असल्याचे पुढील तपासणीत निष्पन्न झाले, आणि मूळ दावा करणाऱ्या प्रमुख संशोधकाने ते मान्यही केले. पहिली बातमी आपल्याकडे गाजली. दुरुस्ती मात्र अद्याप अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही.

प्राण्यांचे आद्य पूर्वज नेमके कोण, त्यांच्या शाखा कोणत्या क्रमाने फुटल्या, याविषयी वाद चालू आहेत व चालावेतही. परंतु कॅम्ब्रियनपूर्वी प्राणी होते की नव्हते, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी अॅडलेडच्या दक्षिण ऑस्ट्रेलियन संग्रहालयात ठेवलेले ठसे अवश्य पाहावेत. आणि जे शिक्षक, वक्ते व लेखक ‘आधी काहीच नव्हते’ हे वाक्य अजूनही उच्चारतात, त्यांनी ते आपल्या टिपणांतून आजच काढून टाकावे, एवढीच कळकळीची विनंती आहे.