यंत्राला वाचतां येईल असा अर्ज

नोकरीसाठीं स्वतःची पात्रता कागदावर मांडण्याची रीत फार जुनी आहे. इटलींतील प्रसिद्ध चित्रकार व यंत्रज्ञ लिओनार्दो दा व्हिंची यानें १४८२ च्या सुमारास मिलानचा अधिपति लुदोव्हिको स्फोर्झा यास उद्देशून केलेल्या अर्जाचा मसुदा आजही उपलब्ध आहे. आपण हलके पण मजबूत पूल बांधूं शकतों, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढून टाकूं शकतों, तोफा व झांकलेले रथ तयार करूं शकतों, असें त्यांत एकामागून एक कलमवार लिहिलें आहे. चित्रकलेचा उल्लेख येतो तो अगदीं शेवटीं. अर्ज वाचणाऱ्याची गरज काय आहे, हें ओळखून त्यानें आपल्या गुणांचा क्रम लावला होता.

हा धडा पांचशें वर्षांनंतरही जुना झालेला नाहीं. बदलला आहे तो वाचणारा. आज पुण्यांतील वा नाशिकमधील एखादा तरुण इंजिनियर मोठ्या कंपनीकडे आपला रेझ्युमे पाठवितो, तेव्हां पुष्कळदां तो प्रथम कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर जात नाहीं. तो एका सॉफ्टवेअरच्या हातीं पडतो. इंग्रजींत त्यास ‘अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम’ म्हणतात. मराठींत ‘अर्ज-नोंदणी यंत्रणा’ म्हटलें तर अर्थ कळण्यासारखा आहे. घरच्यांनीं चार वर्षें फी भरावी, मुलानें वा मुलीनें रात्रीचा दिवस करून पदवी मिळवावी, आणि ती पदवी या यंत्रणेस नुसती वाचतांच येऊं नये, तर ती पदवी असून नसल्यासारखी होते. म्हणून ही यंत्रणा वाचते कशी, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

अर्जांचा ढीग माणसांना वाचून संपेना, तेव्हां अमेरिकेंत हा उपाय निघाला. १९८८ सालीं स्थापन झालेल्या रेझ्युमिक्स या कंपनीची यंत्रणा कागदी अर्जांची प्रतिमा घेऊन त्यांतील अक्षरें ओळखीत असे. पुढें टॅलिओ, वर्कडे, ग्रीनहाउस अशा अनेक यंत्रणा निघाल्या. त्यांपैकीं टॅलिओ ही ओरॅकल कंपनीनें २०१२ सालीं विकत घेतली. हार्वर्ड बिझनेस स्कूल व अ‍ॅक्सेंचर यांनीं २०२१ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठीं अमेरिका, ब्रिटन व जर्मनी या देशांतील सव्वादोन हजारांच्या आसपास अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते. उच्च कौशल्याच्या जागांसाठीं लायक असलेले उमेदवारही केवळ जाहिरातींतील अटींशीं तंतोतंत न जुळल्यामुळें गळतात, हें त्यांतील ८८ टक्के मालकांनीं कबूल केलें.

या यंत्रणेचें काम तीन पायऱ्यांनीं चालतें. पहिली पायरी, पाठविलेल्या फाइलींतून साधा मजकूर बाहेर काढणें. दुसरी, तो मजकूर नांव, पत्ता, शिक्षण, अनुभव, कौशल्यें अशा रकान्यांत बसविणें. तिसरी, भरती करणाऱ्या अधिकाऱ्यानें विचारलेल्या शब्दांवरून त्या रकान्यांत शोध घेणें व कधीं कधीं उमेदवारांचा अनुक्रम लावणें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शंभरांतील पंचाहत्तर अर्ज यंत्रच केराच्या टोपलींत टाकतें,’ असें वाक्य सर्वत्र ऐकूं येतें. त्यास विश्वासार्ह अभ्यासाचा आधार नाहीं. आपोआप नकार मिळतो तो बहुधा अर्जासोबतच्या प्रश्नांमुळें: त्या देशांत काम करण्याची परवानगी आहे काय, अमुक वर्षांचा अनुभव आहे काय, इत्यादि. ते प्रश्न घाईनें भरूं नयेत. रेझ्युमेच्या बाबतींत मात्र धोका निराळा आहे. तो फेटाळला जात नाहीं. तो सांपडत नाहीं.

पहिल्या पायरीवरच पुष्कळ अर्ज अडखळतात. त्याचें कारण मराठी वाचकांना चटकन् समजेल. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं जुन्या फॉन्टमध्यें टंकलेलें मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलें, कीं देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी दिसे. पडद्यावर दिसणारें अक्षर एक आणि आंत सांठविलेली खूण दुसरी, असा तो प्रकार होता. रेझ्युमेच्या बाबतींत असेंच घडतें. माणूस पानाचें रूप पाहतो; यंत्र आंतील खुणा वाचतें.

पीडीएफ ही पद्धत अ‍ॅडोबी कंपनीनें १९९३ सालीं आणली. पान सर्वत्र सारखेंच दिसावें व छापलें जावें, हा तिचा मुख्य हेतु. म्हणून तिच्यांत ‘हें अक्षर पानावरील या बिंदूवर उमटवावें’ अशा स्वरूपाच्या आज्ञा असतात. शब्द कोठें संपला आणि स्तंभ कोठें सुरू झाला, हें सांगितलेलें असेलच असें नाहीं. तें यंत्रानें अंदाजानें ओळखावयाचें असतें. पान दोन स्तंभांत मांडलेलें असलें, तर डावीकडील कौशल्यांची ओळ आणि उजवीकडील अनुभवाची ओळ एकमेकींत मिसळतात, आणि ‘ऑटोकॅड’ या शब्दापुढें जून २०२१ ही तारीख येऊन बसते. कांहीं फॉन्टमध्यें इंग्रजी एफ् व आय् हीं दोन अक्षरें जोडून एकच खूण केलेली असते. ती नीट सुटी झाली नाहीं, तर ‘फायनाइट एलिमेंट’ हे इंजिनियरच्या नित्य वापराचे शब्द शोधांत सांपडत नाहींत. कागदाची छायाप्रत काढून तिचीच पीडीएफ केली असेल, तर तींत अक्षरें नसतातच. तें केवळ चित्र असतें.

वर्डच्या फाइलीची रचना वेगळी आहे. २००७ पासून रूढ झालेली ‘डॉक्स’ फाइल ही वस्तुतः अनेक लहान फाइलींची एक बांधलेली गठडी असते. पानाचा मुख्य मजकूर एका फाइलींत असतो, आणि पानाच्या माथ्यावरील शीर्षपट्टी व तळपट्टी दुसऱ्या फाइलींत असतात. कांहीं यंत्रणा फक्त मुख्य मजकूरच उचलतात. अशा वेळीं मोठ्या हौसेनें शीर्षपट्टींत लिहिलेलें नांव, दूरध्वनि क्रमांक व ईमेल हीं सर्व गळतात. उमेदवार लायक ठरला तरी त्यास बोलवावयाचें कोठें, हेंच कळत नाहीं.

यावरून मांडणीचे नियम सहज निघतात. एकच स्तंभ असावा. नांव व संपर्क मुख्य मजकुरांतच, पहिल्या ओळींत लिहावा. तक्ते व चौकटी टाळाव्या. दूरध्वनीचें वा पाकिटाचें चित्र न काढतां ‘फोन’, ‘ईमेल’ असे शब्दच लिहावे. कौशल्य दाखविण्यासाठीं पांचांपैकीं चार ठिपके रंगविण्याची रीत हल्लीं दिसते. त्या ठिपक्यांचा यंत्रास अर्थ लागत नाहीं आणि माणसासही त्यांवरून कांहीं निश्चित कळत नाहीं. शीर्षकें रूढ इंग्रजी शब्दांचींच असावीं: ‘वर्क एक्स्पीरियन्स’, ‘एज्युकेशन’, ‘स्किल्स’, ‘प्रोजेक्ट्स’. ‘माझा प्रवास’ अशा अर्थाचें काव्यमय शीर्षक दिलें, तर तो मजकूर कोणत्या रकान्यांत घालावा, हें यंत्रास उमगत नाहीं. फाइल कोणत्या प्रकारची हवी, हें जाहिरातींत सांगितलें असल्यास तें पाळावें. नसल्यास साधी डॉक्स फाइल किंवा थेट वर्डमधून काढलेली पीडीएफ पाठवावी.

तारखांकडे विशेष लक्ष द्यावें. ०३/०४/२०२२ म्हणजे आपल्याकडे एप्रिलची तीन तारीख. अमेरिकेंत ती मार्चची चार तारीख होते. अनुभवाचे महिने मोजणाऱ्या यंत्रापुढें अशी संदिग्धता ठेवूं नये. महिन्याचें नांव व चार अंकी साल लिहावें, आणि सर्व पानभर एकच पद्धत पाळावी. सर्वांत अलीकडचें काम सर्वांत वर असावें.

संस्थांच्या व पदव्यांच्या नांवांतही अशीच अडचण असते. माटुंग्यास ‘व्ही.जे.टी.आय.’ म्हटलें, कीं लहान मूलही बोट दाखवील. परंतु परदेशांतील यंत्रास तीं चार अक्षरें अपरिचित असूं शकतात. ही संस्था १८८७ सालीं स्थापन झाली आणि १९९७ सालीं तिच्या नांवांतील ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ जाऊन ‘वीरमाता जिजाबाई’ आलें. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा आरंभ १८५४ चा. २०२२ सालीं त्याचें स्वतंत्र विद्यापीठ झालें. म्हणून संस्थेचें पूर्ण नांव प्रमाणपत्रावर जसें असेल तसें लिहावें व त्यापुढें संक्षेप द्यावा. पदवीचेंही तसेंच. ‘बी.ई.’ एवढेंच न लिहितां ‘बॅचलर ऑफ इंजिनियरिंग’ असें पूर्ण लिहून मग संक्षेप द्यावा व शाखा स्पष्ट लिहावी.

आतां शब्दांचा प्रश्न. शोध घेणारा अधिकारी जाहिरातींतील शब्दच बहुधा यंत्रास विचारतो. जाहिरातींत ‘फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस’ असें असेल आणि उमेदवारानें केवळ ‘एफ.ई.ए.’ लिहिलें असेल, तर दोहोंचा अर्थ एकच हें प्रत्येक यंत्रास ठाऊक असेलच असें नाहीं. दोन्ही रूपें एकेकदां लिहावीं. मात्र नुसत्या शब्दांची यादी म्हणजे अनुभव नव्हे. समजा, एका यंत्र-अभियंत्यानें लिहिलें, ‘पंपविषयक विविध कामांचा दांडगा अनुभव’. या वाक्यांतून यंत्रास कांहीं सांपडत नाहीं आणि माणसास कांहीं पटत नाहीं. त्याऐवजीं ‘सेंट्रिफ्यूगल पंपाच्या इंपेलरची सॉलिडवर्क्समध्यें रचना केली, अ‍ॅन्सिसमध्यें कंपनांचा अभ्यास केला, चांचणींत आढळलेल्या बेअरिंगच्या बिघाडाचें कारण शोधून बदल सुचविला’ असें लिहिलें, तर काम, साधन आणि फळ हीं तिन्ही एका ठिकाणीं येतात. त्यापुढें खरा आंकडा देतां येत असेल, तर अवश्य द्यावा.

काय लिहूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्याकडे ‘बायोडाटा’ हा शब्द नोकरीस आणि लग्नास सारखाच चालतो. त्यामुळें वडिलांचें नांव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिति, क्वचित् उंचीसुद्धां नोकरीच्या अर्जांत शिरते. अमेरिकेंतील वा ब्रिटनमधील नोकरीसाठीं यांपैकीं कांहींच लिहूं नये. छायाचित्रही लावूं नये. तेथें पक्षपाताचा संशय नको म्हणून अशी माहिती अर्जांत देत नाहींत.

कांहीं चतुर मंडळी एक युक्ति सांगतात: जाहिरातींतील सर्व शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे माणसास दिसणार नाहींत व यंत्रास दिसतील. ही युक्ति फार वेळ टिकत नाहीं. यंत्र मजकूर बाहेर काढतें, तेव्हां रंग गळून पडतो आणि लपविलेले शब्द अधिकाऱ्याच्या पडद्यावर उघडे पडतात. पण ती पकडली जाते, हा तिचा मुख्य दोष नव्हे. पुलाचा भार, बाष्पकाचा दाब, विजेचा प्रवाह यांविषयीं ज्याच्या शब्दावर लोकांनीं विसंबावयाचें, त्यानें आपल्या धंद्याचा आरंभच खोट्या शब्दांनीं केला, हा खरा दोष आहे.

यंत्रही निर्दोष नसतें, हें उमेदवारानें व त्याच्या घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें. अ‍ॅमेझॉन कंपनीनें मागील दहा वर्षांचे रेझ्युमे शिकवून एक निवड-यंत्र तयार करून पाहिलें. तें जुने अर्ज बहुतांशीं पुरुषांचे असल्यामुळें यंत्र स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेल्या अर्जांना कमी गुण देऊं लागलें. कंपनीनें तो प्रयोग सोडून दिल्याचें वृत्त २०१८ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालें. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यांत नोकरभरतीसाठीं वापरल्या जाणाऱ्या अशा कृत्रिम बुद्धीच्या साधनांची गणना अधिक जोखमीच्या वर्गांत केली आहे. तेव्हां एका अर्जास उत्तर आलें नाहीं, म्हणजे मुलाची वा मुलीची लायकीच कमी, असा निष्कर्ष घरांत कोणीं काढूं नये. बोलूं तर नयेच.

अर्ज पाठविण्यापूर्वीं एक साधी परीक्षा घरींच घेतां येते. रेझ्युमेंतील सर्व मजकूर उचलून संगणकावरील नोटपॅडसारख्या साध्या पानावर उतरवावा. रंग, ठळकपणा, रेषा हें सर्व तेथें नाहींसें होतें. आतां तो वरपासून खालपर्यंत वाचावा. नांव प्रथम येतें काय, तारखा आपापल्या कामाशेजारीं आहेत काय, कोठें चौकोन वा प्रश्नचिन्हें दिसतात काय, µ किंवा Ω सारखीं चिन्हें जागेवर आहेत काय, हें पाहावें. जेथें वाचणारा अडखळेल, तेथें यंत्रही अडखळण्याचा संभव आहे. चुकीच्या जागा दुरुस्त कराव्या आणि पुन्हा एकदां हीच परीक्षा घ्यावी. त्यानंतर या विषयांतील नसलेल्या घरांतील कोणा वडीलधाऱ्या माणसाकडून तो वाचवून घ्यावा. कारण यंत्रानें पुढें पाठविलेला अर्ज शेवटीं माणूसच वाचतो.

त्या माणसासमोर मुलाखतीस बसल्यावर कागदावरील कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ‘हें तुम्हीं कसें केलें?’ असा प्रश्न येणार. ज्या ओळीवर पांच मिनिटें समाधानकारक बोलतां येणार नाहीं, ती ओळ खोडून टाकावी. उरेल तो मजकूर एका किंवा दोन पानांत बसवावा, त्यावर तारीख घालून एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि मग पाठवावा.