गवती चहाचा काढा : कुठवर चालतो, कुठे थांबायचं



बैठकीत बचतीचा हिशोब आटपला की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. पावसाळ्यात तर पहिला सल्ला ठरलेलाच, "गवती चहा उकळून दे." सल्ला चांगला आहे, फक्त त्याची हद्द माहीत हवी.

गवती चहाच्या पातीत सुगंधी तेल असतं. त्यात सगळ्यात जास्त सिट्रल नावाचा घटक. लिंबासारखा वास त्याचाच. हे तेल वाफेबरोबर उडून जातं, म्हणून उघड्या पातेल्यात पाती खळाखळा उकळू नका. आधी ठेचलेलं आलं उकळून घ्या, मग दोन-तीन पातींची गाठ मारून टाका, गॅस बंद करा आणि पाच-सात मिनिटं झाकण ठेवा. घरभर वास सुटला तर समजा, औषध पातेल्यातून निघून गेलं!

सर्दी, घसा धरणं, गॅसने पोट फुगणं, यात असा गरम काढा घेतला की बरं वाटतं. झोप लागते असंही बायका सांगतात. ब्राझीलमध्येही लोक याच समजुतीने हा चहा पितात. तिथल्या संशोधकांनी माणसांना तो देऊन पाहिला आणि 1986 मध्ये निष्कर्ष छापले: झोपेत फरक पडला नाही, अपायही दिसला नाही. प्यायला हरकत नाही, पण झोपेचं औषध म्हणून विसंबू नका.

आता तापाचं. काढ्याने घाम येतो, अंग हलकं वाटतं. पण मलेरियाचा ताप बऱ्याचदा एक दिवसाआड येतो. आज काढा दिला, उद्या ताप नाही, की श्रेय काढ्याला! जंतू मात्र रक्तातच असतात. डेंग्यूत तर याहून मोठी फसगत होते. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो आणि काही जणांना खरा धोका तेव्हाच सुरू होतो. ताप गेला, पण पोटात खूप दुखतंय, सारख्या उलट्या होताहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस गळून गेलंय, तर त्याला बरं झालं म्हणू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

म्हणून ताप आला की त्याच दिवशी आशाताईंना सांगा, रक्त तपासून घ्या. मलेरियाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. तोवर काढा खुशाल द्या. दुकानातली अंगदुखीची गोळी मात्र मनाने देऊ नका. डेंग्यू असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

बाजारात मिळणारी तेलाची बाटली ही वेगळीच गोष्ट. किलोभर पातीतून जेमतेम काही ग्रॅम तेल निघतं, इतकं ते तीव्र. ते पोटात घ्यायचं नाही, आणि बाटली लेकरांच्या हाताला लागू द्यायची नाही. सांध्यांना चोळायचं तर दोन चमचे खोबरेल तेलात एकच थेंब. गरोदर बाईने काढा औषध म्हणून रोज घेऊ नये. एएनएम ताईंना विचारून घ्यावं.

ज्यांच्या दारात हे गवत नाही त्यांनी गटातल्या कुणाकडून मुळासकट एक ठोंब मागून आणा. बी शोधत बसू नका, याला फुलोराच क्वचित येतो. मोरीच्या पाण्यावरही ते वाढतं. कापताना वीतभर बुडखा ठेवा, पुन्हा फुटतं. आणि पाती ओढून तोडू नका, कडा ब्लेडसारख्या असतात, बोटं चिरतात.