क्लाउड सर्व्हर घेताय? नावावर जाऊ नका, आधी तक्ता मांडा

पतसंस्थेचं ॲप असो, शाळेचा ऑनलाइन निकाल असो की दुकानाची वेबसाइट, आता बरंचसं काम भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतं. सर्व्हर निवडताना चूक झाली, तर ऐन गर्दीच्या दिवशी साइट बसते, नाहीतर न वापरलेल्या ताकदीचं बिल महिनोन्‌महिने भरावं लागतं.

गोंधळ नावांपासूनच सुरू होतो. ॲमेझॉनचा 'एम५.लार्ज', मायक्रोसॉफ्ट अझ्युरचा 'डी२एस व्ही५' आणि गूगलचा 'एन२-स्टँडर्ड-२' ही नावं वेगळी, पण तिन्हींत २ व्हीसीपीयू आणि ८ जीबी रॅमच मिळते. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक सर्व्हरला एक ओळ द्या आणि पुढचे रकाने भरा.

व्हीसीपीयू : इंटेल चिपवर एक व्हीसीपीयू म्हणजे सहसा पूर्ण कोअर नसतो, तर त्याच्या दोन थ्रेडपैकी एक असतो. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन चिपवर मात्र पूर्ण कोअर मिळतो. पण ही एआरएम चिप आहे, तिच्यावर विंडोज सर्व्हर चालत नाही. त्यामुळे आकड्याशेजारी चिपचं नावही लिहा.

रॅम : २ व्हीसीपीयूमागे 'सी५'मध्ये ४, 'एम५'मध्ये ८ आणि 'आर५'मध्ये १६ जीबी रॅम असते. मोठ्या डेटाबेसला रॅम जास्त लागते, तर व्हिडिओ रूपांतरासारख्या कामाला प्रोसेसर.

सलग ताकद : 'टी३.मायक्रो' स्वस्त आहे आणि त्यातही २ व्हीसीपीयू दिसतात. पण प्रत्येकाची कायमची ताकद १० टक्केच. बाकीची साठलेल्या क्रेडिटवर मिळते. क्रेडिट संपलं की वेग पडतो किंवा सेटिंगनुसार जादा पैसे लागतात. निकालाच्या दिवशी नेमकं हेच नडतं.

डिस्क आणि नेटवर्क : ॲमेझॉनच्या 'जीपी३' डिस्कला मूळ दरातच ३,००० आयओपीएस मिळतात. नेटवर्कचा वेग गिगाबिटमध्ये देतात, बाइटसाठी त्याला ८ने भागा. '१० गिगाबिटपर्यंत' म्हणजे जास्तीत जास्त सव्वा गिगाबाइट, आणि तोही सतत मिळेलच असं नाही.

ठिकाण आणि भाव : ॲमेझॉनची केंद्रं मुंबई व हैदराबादला आहेत, अझ्युरचं पुण्याला, गूगलची मुंबई व दिल्लीला. ग्राहक बेळगाव, गोवा, कोल्हापूरचे असतील तर परदेशातला स्वस्त सर्व्हर अंतरामुळे संथ वाटू शकतो. दर तासाचा असेल तर ७३०ने गुणून महिन्याचा काढा. डिस्क, बाहेर जाणारा डेटा आणि १८ टक्के जीएसटी त्यात धरा.

तक्त्यातून दोन सर्व्हर निवडा, दोन्हींवर आपलंच सॉफ्टवेअर दोन-चार दिवस चालवून बघा आणि मगच वर्षाचा करार करा. तासावर घेतलेला सर्व्हर कधीही बंद करता येतो, वर्षाच्या कराराचे पैसे मात्र सर्व्हर वापरला नाही तरी भरावेच लागतात.