भारतातील गुप्तचर संस्थांवरील देखरेख

भारतातील गुप्तचर संस्थांवरील देखरेख ही केंद्र व राज्य शासनांच्या गुप्तचर यंत्रणा आपले अधिकार कायद्याच्या मर्यादेत वापरतात की नाही, हे तपासणारी प्रशासकीय व न्यायालयीन व्यवस्था आहे. गुप्तचर संस्थांचे काम स्वभावतःच गोपनीय असते. त्यामुळे इतर शासकीय खात्यांना लागू होणारे विधिमंडळातील प्रश्न, लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार इत्यादी उत्तरदायित्वाचे मार्ग त्यांना मर्यादित प्रमाणातच लागू पडतात. भारतात या संस्थांवर प्रामुख्याने कार्यकारी शाखेचे नियंत्रण असून त्यांच्या कामकाजाची तपासणी करणारी स्वतंत्र संसदीय समिती अस्तित्वात नाही.

संस्था व त्यांचा कायदेशीर पाया

इंटेलिजन्स ब्युरो (आयबी) ही देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करणारी संस्था असून तिचा उगम ब्रिटिश राजवटीत १८८७ साली झाला. ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. परदेशांतील माहिती मिळवण्यासाठी सप्टेंबर १९६८ मध्ये रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग (रॉ) स्थापन करण्यात आली. ती मंत्रिमंडळ सचिवालयाचा भाग आहे. रामेश्वरनाथ काव हे तिचे पहिले प्रमुख होते. राज्यांच्या पातळीवर पोलीस दलांच्या गुप्तवार्ता शाखा काम करतात. महाराष्ट्रात हे काम राज्य गुप्तवार्ता विभागाकडे आहे.

आयबी व रॉ या दोन्ही संस्था शासनाच्या कार्यकारी आदेशांनी निर्माण झाल्या. त्यांची कार्यकक्षा व अधिकार ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे. परंतु या नोंदीमुळे संसदेला या विषयावर कायदा करण्याचा अधिकार मिळतो, प्रत्यक्ष संस्थेला अधिकार मिळत नाहीत. १९८५ चा गुप्तवार्ता संघटनांविषयीचा कायदा या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना स्थापन करण्याच्या व वृत्तपत्रांशी संपर्क ठेवण्याच्या हक्कांवर निर्बंध घालतो. संस्थांनी काय करावे व काय करू नये, याविषयी तो मौन बाळगतो.

आणीबाणी व शाह आयोग

१९७५ ते १९७७ या काळातील आणीबाणीत झालेल्या सत्तेच्या गैरवापराच्या चौकशीसाठी मे १९७७ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९७८ मध्ये तीन अहवाल सादर केले. आयबीचा वापर राजकीय माहिती काढण्यासाठी झाल्याची दखल त्याने घेतली व अशा गैरवापराला आळा घालण्याची गरज व्यक्त केली. त्यानंतर एल. पी. सिंग समितीने आयबी व केंद्रीय अन्वेषण विभाग यांच्या कामकाजाचा विचार केला. मात्र या प्रक्रियेतून कोणताही कायदा निर्माण झाला नाही.

दूरध्वनी टेहळणीवरील नियंत्रण

गुप्तचर संस्थांचा नागरिकांशी सर्वांत थेट संबंध येतो तो दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या, म्हणजे टॅपिंगच्या संदर्भात. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) नुसार 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' या दोनच परिस्थितींत असा आदेश देता येत असे. हा अधिकार कसा वापरावा याचे नियम मात्र शंभराहून अधिक वर्षे केले गेले नाहीत.

राजकीय नेत्यांचे दूरध्वनी टॅप झाल्याविषयीचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये एका नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने दूरध्वनीवरील खासगी संभाषण हा अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग मानला आणि पुढील अटी घातल्या:

• आदेश केवळ केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवाने द्यावा. तातडीच्या वेळी हा अधिकार सहसचिवापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्यास सोपवता येईल.
• आदेश दोन महिन्यांपुरता असावा व एकूण मुदत सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी.
• तीच माहिती अन्य मार्गाने मिळू शकते का, याचा आधी विचार व्हावा.
• पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांच्या आत आदेशाची तपासणी करावी व तो नियमबाह्य आढळल्यास मिळवलेली माहिती नष्ट करावी.

न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यास न्यायालयाने नकार दिला, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती. या अटींना २००७ मध्ये तार नियमावलीतील नियम ४१९-अ द्वारे वैधानिक रूप मिळाले. केंद्रातील पुनर्विलोकन समितीचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवाकडे, तर राज्यातील समितीचे मुख्य सचिवाकडे देण्यात आले. म्हणजेच आदेश देणारे व तो तपासणारे दोघेही शासनाचेच अधिकारी असतात.

संगणकीय माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९ लागू होते. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने आयबी व रॉ यांसह दहा यंत्रणांना या कलमाखाली प्राधिकृत केले. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ मंजूर झाला व डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालील नवे नियम लागू झाले. त्यांतही सचिवांच्या पुनर्विलोकन समितीची रचना कायम राहिली.

न्यायालयांची भूमिका

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. या हक्कावर मर्यादा घालण्यासाठी कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि साधनांची प्रमाणबद्धता आवश्यक ठरली. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच कसोटीवर एका व्यावसायिकाच्या दूरध्वनी टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीच्या तपासासाठी दिलेल्या त्या आदेशांमागे सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचे कारण नव्हते, असे सांगून न्यायालयाने ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले.

मात्र गुप्तचर संस्थांना संसदेस उत्तरदायी करावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली होती. पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या कथित वापराविषयी २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उल्लेख केल्याने शासनाला सर्व तपासणीतून सूट मिळत नाही, असे न्यायालयाने या वेळी स्पष्ट केले. समितीने तपासलेल्या २९ दूरध्वनी संचांपैकी ५ संचांत घातक सॉफ्टवेअर आढळले. परंतु ते पेगॅससच असल्याचे निश्चित झाले नाही. केंद्र शासनाने समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले.

माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २४ नुसार दुसऱ्या अनुसूचीतील गुप्तचर व सुरक्षा संघटनांना हा कायदा लागू होत नाही. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या आरोपांची माहिती याला अपवाद आहे. मानवी हक्कांबाबतची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मान्यतेनंतरच देता येते.

संसदीय देखरेखीचे प्रस्ताव

जानेवारी २०१० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी काव स्मृती व्याख्यानात गुप्तचर संस्थांवर संसदीय देखरेख असावी, असे प्रतिपादन केले. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. संस्थांना वैधानिक दर्जा, संसदीय देखरेख समिती, तक्रारींसाठी न्यायाधिकरण आणि लोकपाल यांची तरतूद त्यात होती. हे विधेयक मंजूर होऊ शकले नाही.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील माहिती संरक्षण समितीनेही २०१८ च्या अहवालात याच उणिवेवर बोट ठेवले. पुनर्विलोकन समितीला दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासावे लागतात व हे काम अशक्यप्राय आहे, असे अहवालात म्हटले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने मात्र अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर संस्थांचे गैरप्रकार उघड केल्यानंतर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत स्थायी गुप्तवार्ता समित्या स्थापन झाल्या. १९७८ च्या कायद्याने परकीय गुप्तवार्तेसाठीच्या टेहळणीला परवानगी देणारे विशेष न्यायालयही निर्माण केले. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची समिती अस्तित्वात आली. २०१६ च्या कायद्यानुसार तेथे मंत्र्याने दिलेल्या टेहळणीच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते.

मतमतांतरे

संसदीय देखरेखीमुळे संवेदनशील माहिती फुटेल, तातडीच्या कारवायांना विलंब होईल आणि गुप्तवार्ता पक्षीय वादाचा विषय बनेल, असा आक्षेप घेतला जातो. याउलट, स्वतंत्र देखरेख नसल्याने सत्ताधाऱ्यांकडून संस्थांचा राजकीय वापर होण्याचा धोका राहतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. ज्याचा दूरध्वनी ऐकला गेला त्या व्यक्तीला नंतरही तसे कळवण्याची तरतूद भारतात नाही. त्यामुळे दाद मागण्याचा हक्क कागदावर असला, तरी तो बजावण्यासाठी लागणारी माहितीच बहुतेकांपर्यंत पोहोचत नाही, याकडे ते लक्ष वेधतात.

हे सुद्धा पहा

• इंटेलिजन्स ब्युरो
• रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग
• आणीबाणी (भारत)
• माहितीचा अधिकार अधिनियम, २००५